मापाच्या दिवशीचं पाणी

आमच्या विहिरीला सरकारी नंबर आहे. कठड्यावर पिवळ्या चौकटीत काळ्या अक्षरांत तो लिहिलेला आहे आणि दर काही वर्षांनी कुणीतरी येऊन तो पुन्हा रंगवून जातो. घराला नंबर मिळाला त्याच्या आधी विहिरीला मिळाला, असं माझे यजमान सांगायचे. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात, जिल्ह्याच्या गावाहून एक माणूस येतो. टेपच्या टोकाला बांधलेलं वजन विहिरीत सोडतो, पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते बघतो, लिहून घेतो आणि जातो. घाटाखालच्या वैभववाडीपासून आमच्या मालवणच्या किनाऱ्यापर्यंत अशा ठरवून घेतलेल्या बऱ्याच विहिरी आहेत. जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं चढतंय की उतरतंय, हे त्यांच्यावरून कळतं.

माझ्या थोरल्या जावेला हे सगळं मी नीट समजावून सांगितलं होतं. तिने ते ऐकूनही घेतलं होतं. पण तिच्या लेखी तो माणूस मोजायला येत नव्हता, पाहुणा येत होता.

मी तिला वयनी म्हणायचे. जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. आमचाही दावा होता, पण तो बारीकसारीक गोष्टींवरचा. मी तव्यावर घावणं जाड घालते आणि ती माझ्या चहात साखर कमी टाकते, एवढ्यावर आमचं अर्धं आयुष्य गेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, ती घर बघायची. तिची मुलगी लग्न होऊन म्हापशाला गेली, माझा मुलगा पुण्याला. दोघींचे नवरे मागेपुढे गेले आणि त्या घरात आम्ही दोघीच उरलो. रात्री दारं लावायचं काम माझं आणि सकाळी उघडायचं तिचं. यात कधी बदल झाला नाही.

मापवाल्याचा फोन मला यायचा. "मॅडम, पुढच्या आठवड्यात येतोय, घरी आहात ना?" एवढंच विचारून तो ठेवायचा. मी वयनीला सांगितलं की ती हातातलं काम टाकून वाडीत निघायची. मे महिन्यात आमच्या विहिरीवर सगळी वाडी पाणी भरते. घरोघर जाऊन ती सांगायची, "मापवालो येतलो. बावीक हात लावू नकात." आणि वाडीतल्या बायका तिचं ऐकायच्या. ऐकावंच लागायचं. बाळंतपणापासून बाराव्यापर्यंत त्यांच्या प्रत्येक कार्याला ती उभी राहिलेली होती.

मग तो येईपर्यंत बाव, म्हणजे विहीर, बंद. झऱ्याने जे थोडं थोडं पाणी पाझरे ते आत साठत जाई. ती स्वतः भोवतालची जागा शेणाने सारवायची, आत पडलेली पानं टोपलीने काढायची, कठड्याला हळदकुंकू लावायची. रिकामं भांडं येणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून एक कळशी घासून, भरून कठड्यावर ठेवायची. तो माणूस आला की आधी चहा, घावणं, मग विहीर. तो टेप सोडण्याआधी दर वेळी विचारायचा, "आज कुणी पाणी उपसलंय का?"

"नाय ओ," वयनी म्हणायची. "कोणी हात लावूक नाय."

त्याला बरं वाटायचं. मोजण्याआधी विहीर शांत असावी, असं त्याचं शास्त्रच सांगतं. रात्रभर हात लावला नाही तर उत्तम. पण तो विचारायचा आजच्या दिवसाचं, आणि वयनी उत्तर द्यायची तेही खरंच. आदल्या दिवशीचं, त्याच्या आदल्या दिवशीचं, कुणी विचारलंच नाही. सुरुवातीला ती विहीर एक दिवस बंद ठेवायची. मग दोन. पुढे पुढे आठवडा. पाणी जसजसं खाली जात होतं तशी तिची बंदी लांबत होती, आणि मापवाल्याच्या कागदावर आमची विहीर होती तिथेच राहात होती.

मला हे दिसत होतं. मीही आयुष्यभर पाणीच मोजत आले होते, फक्त वरून पडणारं. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मापाच्या नळीत ओतायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात म्हटल्यावर मुलं हसायची. आमच्याकडे पाऊस मिलिमीटरने पडतो यावर कोकणातल्या पोराचा विश्वास बसणं कठीणच. व्हरांड्यात तापमापी होता, त्याचीही नोंद ठेवायची. मी निवृत्त झाले, महसूल मंडळाच्या गावात आपोआप नोंद करणारं यंत्र बसलं, पण माझी सवय गेली नाही. माझा स्वतःचा एक साधा पर्जन्यमापक मी अंगणात, माडांपासून लांब, उघड्यावर रोवला. वयनी त्याला माझं तुळशीवृंदावन म्हणायची, कारण सकाळी आंघोळ झाली की मी आधी त्याच्याकडे जायचे.

इतकी वर्षं मोजून मला एवढं कळलं की आमचा पाऊस कमी झालेला नाही. बेरीज करायला बसलं तर कधी थोडी वरच जाते. फक्त पूर्वी जो पाऊस आषाढभर रिपरिपत राहायचा तो आता दोन-तीन दिवसांत येऊन कोसळतो, आणि मग पंधरवडाभर ऊन. वर सडा आहे, उघड्या कातळाचा माळ. त्यावर पडलेलं पाणी थांबायला वेळच मिळत नाही, ओढ्याने तडक खाडीला जातं. थंडी तर यायचीच विसरली आहे. माघात गोधडी लागायची तिथे आता पंखा लागतो, आंब्याचा मोहोर उन्हाने करपतो, आणि होळीच्या सुमाराला विहिरीचा तळ दिसायला लागतो. पावसाच्या आकड्यांत आम्ही श्रीमंत, आणि घरात प्यायला पाणी नाही. हे कुणाला सांगायला गेलं तर तो आमच्याकडेच संशयाने बघतो.

एप्रिल लागला की वाडीतल्या बायकांना खालच्या ओढ्याकाठच्या विहिरीवर उतरावं लागे. मधली पाणंद उभ्या उताराची, दोन्ही बाजूंना चिरे रचून घातलेले गडगे आणि पायाखाली सुटे दगड. उतरताना रिकामी कळशी, चढताना भरलेली, म्हणजे सगळं उलटंच. वयनीचे गुडघे तेव्हा पार गेले होते. चढ चढताना ती मध्ये दोनदा गडग्यावर कळशी टेकवायची आणि आभाळाकडे बघत उभी राहायची. मी जायला निघाले की मला अडवायची. "तुका चक्कर येता. तू मास्तरीण, तुका जमूचा नाय." मला रक्तदाबाच्या गोळ्या होत्या हे खरं, पण तिला गुडघे नव्हते हेही खरंच होतं. रोज सकाळी ती त्या पाणंदीत दिसेनाशी झाली की माझा जीव टांगणीला लागायचा आणि ती वर दिसली की मी तिच्यावरच ओरडायचे.

मला एकच हवं होतं, वाडीला नळ. वयनीने ती पाणंद पुन्हा उतरू नये.

ग्रामपंचायतीने प्रस्ताव पाठवला, तो परत आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवला, पुन्हा परत. निकषात बसत नाही, एवढंच उत्तर. शेवटी वाडीतल्या तिघी-चौघींना घेऊन मी स्वतः तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथला मुलगा चांगला होता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. एका रेषेवर आमच्या भागाचा पाऊस होता, सरासरीच्या वरच. दुसऱ्या रेषेवर विहीर.

"बाई, ही तुमच्या वाडीतली निरीक्षण विहीर," तो म्हणाला. "आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींची मे महिन्यातली पातळी वर्षागणिक खाली चालली आहे. तुमची इतक्या वर्षांत हललेलीच नाही. गेल्या काही वर्षांच्या सरासरीपेक्षा पाणी खाली गेलं तरच टंचाई धरतात. आता तुमच्याकडे टंचाई आहे असं मी दाखवू कसं?"

माझ्याबरोबरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पदर तोंडाला लावला, हसू आवरायला की रडू, ते मला कळलं नाही. त्या मुलाला काय सांगणार? आमच्या घरची बाई पाहुण्याला कोरडी विहीर दाखवत नाही, हे त्याच्या कुठल्या रकान्यात बसणार होतं?

घरी आले तेव्हा वयनी मागल्या दारी बांगडे साफ करत होती. मी रागावले की माझ्या तोंडी शाळेतली मराठी येते. त्या दिवशी ती आली.

"वयनी, नळ का येत नाही, कळलं आज. तुमच्यामुळे येत नाही. तुम्ही विहीर बंद ठेवता, ती भरलेली दिसते, आणि सरकारला वाटतं इथे सगळं आलबेल आहे."

तिने हात थांबवला नाही. "मगे काय करू? माज्या घराकडे इलेलो माणूस सुक्या बावीत वाकान बघतलो आणि मी थंय उभी रवतलंय?"

"हो. उभं राहायचं. कोरडी आहे तर कोरडी दाखवायची."

"कोणी पाव्हण्याक रिकामो गडू दाखवता काय गो?"

"तो पाहुणा नाही. तो मोजायला येतो. आणि हे जे चाललंय त्याला लबाडी म्हणतात."

लबाडी हा शब्द तिला लागला. तिने बांगड्यांवर ताट झाकलं, हात धुतले आणि पायरीवर बसली. मग जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे जुन्या लोकांची एक रीत होती. मुलगी द्यायची तर ते घर बघायला वैशाखात जायचं आणि आधी विहिरीत डोकवायचं. वैशाखात ज्या घरी पाणी, त्या घरी मुलगी सुखी.

"माजो बापूस तसोच इलो होतो," ती म्हणाली. "घर बघूक नाय, नवरो बघूक नाय, पयलो बावीवर गेलो. वाकान बघल्यान. पाणी होता, म्हणान माका हय दिल्यान. लगीन होऊन वरीस झाला तेव्हा सासूबायन सांगितल्यान, तुज्या बापाशीक दाखवच्यासाठी आमी आठ दीस बावीत कळशी सोडूक नाय." आणि ती हसली. "लबाडी म्हणतस तर त्याच लबाडीन मी ह्या घरात इलंय. वायट झाला काय?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगायचे. ती मूठ आमच्याच अंगणात कितीतरी वर्षं झाकलेली होती आणि तिच्या आत माझ्या जावेचं सगळं लग्न होतं, हे मला तेव्हा समजलं. कठड्यावरून आत वाकणारा परका पुरुष तिच्या दृष्टीने खात्याचा माणूस नव्हताच. घराची परीक्षा घ्यायला आलेला तो कुणाचा तरी बाप होता.

तरी मी हट्ट सोडला नाही. तिच्यासमोर बसून सांगितलं की तुमचे गुडघे आता ती पाणंद चढणार नाहीत, एक दिवस तुम्ही पडाल. एकदाच खरं माप जाऊ दे. नळ आला की मग तुमची विहीर वर्षभर भरलेली ठेवा, हवी तर माझा तो पर्जन्यमापकही तिच्यात टाका. काही दिवस ती माझ्याशी जेवणापुरतं बोलली. मग एका सकाळी माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाली, "ह्या खेपेक बाव बंद ठेवूचंय नाय. होऊ दे तुज्या मनासारख्या." चहात त्या दिवशी साखर बरोबर होती.

मेमध्ये मापवाल्याचा फोन आला. वयनी वाडीत गेली नाही. बायकांनी रोजच्यासारखं पाणी भरलं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी आत बघितलं. तळाशी चिखल आणि त्यात परातीएवढं डबकं. वयनी बराच वेळ वाकून बघत राहिली. मी म्हटलं, चला आत. ती आली, जेवली, झोपली. मी समाधानात होते. उद्या आमची खरी हकिकत कागदावर जाणार होती.

सकाळी दार उघडं होतं, ते नेहमीचंच. पण चूल पेटलेली नव्हती. अंगणात आले तर पाणंदीच्या तोंडापासून विहिरीपर्यंत मातीत ओली वाट उमटलेली. ती फटफटायच्या आधीच उठून खालच्या विहिरीवर गेली होती. तिथलं पाणी कळशीने वर आणून आमच्या विहिरीत ओतत होती, येणाऱ्या माणसाला निदान चिखल तरी दिसू नये म्हणून. दिलेला शब्दही मोडायचा नव्हता तिला. विहीर तिने बंद ठेवलेली नव्हतीच. अशा किती खेपा झाल्या मला माहीत नाही. शेवटच्या खेपेला ती पाणंदीच्या वळणावर पडली. फुलं काढायला निघालेल्या शेजारणीला ती दिसली. कळशी खाली गडगडत गेली होती आणि वयनी गडग्याला टेकून बसली होती, उठता येत नव्हतं.

"पडलंय गो," ती मला म्हणाली, जणू दूध उतू गेल्याचं सांगत होती.

आम्ही तिला धरून वर आणतोय तोवर मापवाल्याची जीप आली. त्याने टेप बाहेर काढलीच नाही. त्याने आणि चालकाने मिळून तिला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि जीप सरळ जिल्ह्याच्या रुग्णालयात नेली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची. एकदा हळू आवाजात त्याला म्हणाली, "चाय नाय झाली तुमची." त्याने मागे वळून बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. मी तिच्याजवळ रुग्णालयात होते तेवढ्या दिवसांत वाडीत काय घडलं ते मला मागून कळलं. मापवाला आठवड्याभराने पुन्हा यायचा होता, महिना संपायच्या आत त्याला माप घ्यायचंच होतं. तो येईपर्यंत बायकांनी विहिरीला हात लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याबरोबर तालुक्याला आलेल्या, तो पडदा डोळ्यांनी बघितलेल्या बायकांनीच हे केलं. भर उन्हात सगळं पाणी खालून आणलं, आणि मापाच्या दिवशी विहीर दर वर्षीसारखी होती. मला सांगायला त्यातली एक रुग्णालयात आली. "वयनीक होया होता, म्हणान," ती म्हणाली. "तेंका सांगा, पाणी दिसला तेका." मी रागवायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं.

वयनीला सांगितलं. तिने डोळे मिटूनच विचारलं, "दिसला मा?" मी म्हटलं, दिसलं. ती मग शांत झोपली.

घरी आणल्यावर ती उठली नाही. खिडकीशी तिची खाट लावली होती. त्या वर्षी पाऊस विचारू नका. माझा पर्जन्यमापक दिवसातून दोनदा रिकामा करावा लागे. ओढा पाणंदीपर्यंत वर आला आणि वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नसे. ती रोज सकाळी विचारायची, "बाव खंयसर इली?" मी विहिरीत बघून येऊन सांगायचे. अर्ध्यावर आली. नंबराच्या खाली हातभर राहिली. तिला पावसाच्या आकड्याचं कधी काही नव्हतं, मी सांगायला लागले तर तोंड फिरवायची. विहीर मात्र रोज हवी असायची. पाठीला जखमा झाल्या होत्या, ताप येत होता, जेवण सुटलं होतं, पण पाणी वर येतंय म्हटलं की तिच्या तोंडावर समाधान दिसायचं.

श्रावणात ती गेली. म्हापशाहून मुलगी आली, पुण्याहून माझा मुलगा आला. तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी काढायला मी विहिरीवर गेले तेव्हा दोरी सोडावीच लागली नाही. कठड्यावरून वाकले आणि कळशी बुडवली. इतकं पाणी होतं. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले आणि शेवटी शेजारणीने माझ्या हातातून कळशी घेतली.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. खरं माप जायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण आपलं बरोबर असणं अशा वेळी कुठल्याच उपयोगाचं नसतं, उलट त्याचाच त्रास होतो. तिने ऐकलंच नसतं, नेहमीसारखी वाडीत फिरून विहीर बंद केली असती, तर त्या पहाटे ती अंथरुणात असती, हे मी विसरू शकत नाही.

पुढच्या मे महिन्यात फोन आला. मी "या" म्हटलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. वाडीतही कुणाच्या मनात आलं नाही, कारण दारोदार फिरून सांगणारी नव्हती. मापवाला आला. मी चहा दिला, घावणं माझी, जाड. त्याने आज पाणी उपसलंय का विचारलं, मी म्हटलं, हो, रोजच्यासारखं. त्याने वजन सोडलं. ते पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही, धप्पकन चिखलात पडल्याचा आला. त्याने वर ओढून पुन्हा सोडलं. मग टेपवरचा आकडा आणि आधीच्या वर्षांचे आकडे आलटून पालटून बघत राहिला.

"मॅडम, हे काय झालं?" तो म्हणाला. "पाऊस तर गेल्या वर्षी प्रचंड होता. ऑक्टोबरात पाणी चांगलं होतं. मार्चात उतरलेलं दिसलं, पण इतकं नाही. इतकी वर्षं मेमध्ये एक फूट इकडचं तिकडे नाही, आणि एकदम एवढी घट? यंदा असं काय झालं इथे?"

"वयनी गेली," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मला आठवण आली म्हणून मी विषय बदलला. त्याने टेप गुंडाळता गुंडाळता मान खाली घातली. "हो, मागे आलो तेव्हा कळलं. फार वाईट झालं. मला त्यांच्या हातचा चहा आठवतो." मग त्याने आकडा लिहिला. मी त्याला पुढे काही समजावलं नाही. समजावून सांगण्यासारखं जे होतं ते मी सांगितलं होतं.

मागच्या सगळ्या वर्षांची सरासरी वयनीने इतकी वर ठेवली होती की आमची खरी पातळी तिच्याशेजारी भयंकर दिसली. जिल्ह्यातल्या इतर विहिरी हळूहळू खाली गेल्या होत्या, आमची एका वर्षात कोसळली होती. चौकशीला साहेब आले, त्यांनी तळाचे फोटो काढले. त्याच उन्हाळ्यात टँकर सुरू झाला आणि जो प्रस्ताव वर्षानुवर्षं परत येत होता तो मंजूर झाला. कागदावर आमच्या वाडीचा दुष्काळ ती गेली त्यानंतर सुरू होतो. माझ्याही हिशेबी तो तेव्हाच सुरू झाला.

नळ मागच्या वर्षी आला. आमच्या अंगणात पहिली तोटी बसली, कारण टाकीपासून पहिलं घर आमचं. बायकांनी तोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आता वाडीत मीच थोरली म्हणून पहिली कळशी मला भरायला लावली. पाणी आधी गढूळ आलं, मग स्वच्छ. सगळ्या बघत उभ्या होत्या. पाणंदीच्या वळणावर तिला जिने पहिल्यांदा बघितलं ती शेजारीण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आज वयनी होयी होती."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ती असती तर हा नळ आला नसता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. तिने विहीर बंद केली असती, आठ दिवस सगळ्यांना खाली उतरवलं असतं, मी चिडले असते, आणि चहात साखर कमी पडली असती. मी रक्तदाबाची गोळी घेऊन ती पाणंद रोज उतरले असते, मरेपर्यंत उतरले असते. कळशी भरून वाहायला लागली तरी मला तोटी बंद करायचं सुचेना. आज वयनी हवी होती.